तांबडा दिवा

जुन्या डिझेल गाडीची किल्ली अर्धी फिरवून क्षणभर थांबले, तर समोरच्या फलकावर लहान लहान दिव्यांची एक ओळ उजळलेली दिसते. ऑइलच्या झारीचे तांबडे चित्र, बॅटरीची तांबडी पेटी, हातब्रेकचे वर्तुळ आणि तारेच्या वेटोळ्यासारखा एक पिवळा दिवा. इंजिन सुरू झाले की हे दिवे मालवतात. बहुतेक चालक हा क्षण पाहतच नाहीत. किल्ली एका दमात शेवटपर्यंत फिरवून ते मोकळे होतात. आमचे पाटसचे मिस्त्री या क्षणाला ‘हजेरी’ म्हणतात. गुरुजी हजेरी घेतात तेव्हा जे पोर ‘हजर’ म्हणत नाही, त्याच्याच घरी निरोप धाडायचा असतो. त्याचप्रमाणे या वेळी जो दिवा लागत नाही, त्याची चौकशी आधी करायची.

ही विद्या मला गाडी विकत घेताना मिळाली. माझ्याकडे सोपवलेली कुटुंबे थोडी, पण विखुरलेली फार. कोणी पाटसला, कोणी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी केडगावला, तर दोन-तीन घरे चौफुल्यावरून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. एस.टी.च्या वेळा सांभाळून हे साधत नाही आणि रात्री-अपरात्री तर नाहीच. २०१३ साली एक जुनी डिझेल गाडी घ्यावी असे ठरले. पहिली जी गाडी पाहिली तिचे रूप देखणे होते. मिस्त्रींनी किल्ली फिरवली, दिवे लागले, इंजिन सुरू झाले, दिवे गेले. मी समाधानाने मान हलवली. मिस्त्रींनी हलवली नाही. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा अगदी एकाच निमिषात गेला, हे त्यांना खटकले होते. त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली पुन्हा अर्धी फिरवून ठेवली आणि खाली वाकून ऑइलच्या दाबाची कळ शोधून तिची तार काढली. तार निघाल्यावर दिवा विझायला हवा होता. तो लागलेलाच राहिला. म्हणजे ऑइलच्या दिव्याची तार कोणीतरी बॅटरीच्या दिव्याला नेऊन जोडली होती. इंजिनात ऑइलचा दाब असो वा नसो, तो दिवा बॅटरीच्या दिव्यासोबत लागणार आणि त्याच्यासोबत मालवणार. ती गाडी आम्ही घेतली नाही. अशा कारागिरीचे आणखीही प्रकार मी पुढे पाहिले. बल्ब काढून टाकणे हा साधा प्रकार, आणि दिव्यावर काळी पट्टी चिकटवणे हा त्याहून साधा. शेवटी घेतली ती गाडी २००८ ची, रंग उडालेली, पण तिचे दिवे खरे बोलत होते.

पाटसच्या भूमीला डिझेल नवे नाही. विजेचे खांब शिवारात पोहोचण्याआधी विहिरीवर आणि नदीकाठी जी इंजिने टुकटुकत, ती डिझेलचीच. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, आणि त्यानंतर पाण्याचे इंजिन म्हणजे किर्लोस्कर असे समीकरण आपल्या खेड्यांत होऊन बसले. हँडल मारून ते सुरू करणारे म्हातारे शेतकरी आजही माझ्या गाडीचा आवाज ऐकून सांगतात, ‘‘फादर, एक नोझल टपकतंय बघा.’’ त्यांना फलकावरच्या दिव्यांची गरज कधी पडली नाही. त्यांच्या इंजिनाला फलकच नव्हता. इकडे शिरूर तालुक्यात रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ लीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन होऊ लागले. त्या घराण्याचे इंजिन इतक्या निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि त्याचा इथला काळ संपला. पण त्या इंजिनाच्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि पुढची बरीच वर्षे त्या हातोहात फिरत खेड्यांकडेच येणार आहेत. म्हणूनच हा विषय मांडावासा वाटला.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली ज्या कल्पनेचे एकस्व मागितले, ती कल्पना मोठी साधी आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. आत घेतलेली हवा जुन्या मोटारींत सुमारे वीस-बावीस पट दाबली जाते. त्या दाबाने ती एवढी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हे गृहस्थ रात्रीतून नाहीसे झाले, आणि त्याचे गूढ आजवर उकललेले नाही. असो.

हवा तापण्यावर सारे अवलंबून असल्यामुळे थंडीत अडचण येते. डिसेंबर-जानेवारीत दौंडच्या माळावर पहाटे अंग काकडते तसे इंजिनही काकडते. तो तारेच्या वेटोळ्याचा पिवळा दिवा याचसाठी आहे. किल्ली अर्धी फिरवली की प्रत्येक सिलिंडरातील ग्लो प्लग, ज्याला आमच्याकडे सरसकट हीटर म्हणतात, तो लाल होईपर्यंत तापतो. दिवा मालवला की मग सेल्फ मारायचा. जे थांबत नाहीत ते सेल्फ मारमारून बॅटरी उतरवतात आणि मग चार माणसांना धक्का मारायला बोलावतात. चारपैकी एक हीटर जळाला असेल तर गाडी तीन पायांच्या बैलासारखी थरथरत सुरू होते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभराने सावरते. कोणता जळाला हे घरी पाहता येते. हीटरांना जोडणारी पट्टी सोडवायची, टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या धन टोकाला लावायची आणि टोचणी एकेका हीटरच्या डोक्याला टेकवायची. दिवा लागला तर हीटर जिवंत, न लागला तर मेला. एवढ्यासाठी कोणालाही पुण्याला जायला नको.

दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतील ओल थेंब होऊन साचते. पाणी डिझेलपेक्षा जड. ते तळाशी जाते आणि तेथून फिल्टरच्या बुडाशी. पुष्कळ गाड्यांत यासाठी वेगळा दिवा असतो. माझ्या गाडीत नाही, म्हणून मी महिन्यातून एकदा फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतो. पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसते, वर पिवळसर डिझेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचे, स्क्रू आवळायचा आणि फिल्टरवरचा हातपंप दाबत राहायचे. नाहीतर गाडी एअर धरते आणि सुरू होत नाही. डिझेलच्या पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. पाणी गेले की तो गंजतो, आणि पंपाचा खर्च माझ्यासारख्याला एका वर्षात पेलण्याजोगा नाही. येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. माझ्या गाडीतील जुन्या पद्धतीचे नोझल शे-सव्वाशे बार दाबाला उघडतात. मल्टिजेटसारख्या कॉमन रेल इंजिनांत हाच दाब सोळाशे बारपर्यंत जातो. चालू इंजिनावर तिथली नळी सैल करू पाहणाऱ्याच्या कातडीतून ती धार आत शिरते आणि बोट, कधी हातही गमवावा लागतो. त्या इंजिनांच्या नळ्यांना घरी हात लावू नये. फिल्टर, हवेची जाळी, पट्टा, पाणी आणि ऑइल एवढीच आपली हद्द.

ऑइलविषयी लोकांच्या मनात विनाकारण भीती असते. नवे ऑइल घालून आठ दिवस झाले नाहीत तोच ते काळे झाले, म्हणजे दुकानदाराने फसवले, अशी तक्रार मी कितीदा ऐकली. डिझेल इंजिनात काजळी होते, ती पोटात धरून ठेवणे हेच ऑइलचे काम; ते काळे होणारच. भ्यायचे ते दुसऱ्या दोन गोष्टींना. कांडीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला तर हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलात उतरते आहे असे समजावे. आणि ऑइल कमी होण्याऐवजी वाढत चालले, तर त्यात डिझेल मिसळते आहे. कांडी पाहायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. काढलेले ऑइल मात्र ओढ्यात ओतू नये. आमच्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून दारा-चौकटींना फासण्याची रीत आहे. हातांना आणि गोठ्यातील जनावरांना ते बाधते, म्हणून मला ती पसंत नाही. मी ते कॅनमध्ये भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याला देतो.

आता तांबड्या दिव्यांकडे येतो. जगभर त्यांच्या रंगांचा संकेत एकच आहे. पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या, तांबडा म्हणजे थांबा. ऑइलची झारी चालत्या गाडीत पेटली तर इंजिनाच्या बेअरिंगांना वंगण मिळत नाही. पुढच्या मिनिट-दोन मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. हे पुष्कळांना माहीत असते. बॅटरीच्या दिव्याची गोष्ट तशी नाही. तो लागला की चालक म्हणतो, चार्जिंग होत नाही, उद्या बघू. पेट्रोल गाडीच्या ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या श्वासातूनच मिळते. डिझेल इंजिनात ती मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो, आणि आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. त्याच पट्ट्यावर काही गाड्यांत पाण्याचा पंपही चालतो. पट्टा तुटला की फलकावर फक्त बॅटरी दिसते. पण त्याच क्षणी पाणी फिरायचे थांबलेले असते आणि ब्रेकचा जोर एक-दोन दाबांपुरताच उरलेला असतो.

मिस्त्रींनी हे मला ओट्यावर बसून खडूने आकृती काढून समजावले होते. २०१६ च्या डिसेंबरात ते उपयोगी पडले. कारखान्याचा हंगाम जोरात होता. बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या एका कोपीवरून रात्री साडेनऊच्या सुमारास निरोप आला की एक बाई अडली आहे. रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती. बाई, तिची नणंद आणि नवरा असे तिघे गाडीत बसले आणि मी बारामतीचा रस्ता धरला. पाटस सोडून रोटी घाट चढायला लागलो. तुकोबांची पालखी याच घाटाने उंडवडीकडे जाते. वारीच्या दिवशी माणसांनी फुललेला असतो तो रस्ता त्या वेळी काळा आणि मोकळा होता. दुसऱ्या वळणाला खाली काहीतरी चाबकासारखे वाजले आणि बॅटरीचा दिवा पेटला.

इंजिन चालू होते. दिवेही लागलेले होते. मी गाडी कडेला घेऊन बंद केली, चाकाखाली दगड लावायला सांगितला. नवरा म्हणाला, ‘‘अवो फादर, गाडी तर चालू हाय. थांबू नका.’’ त्याचे काही चुकत नव्हते. मागे त्याची बायको दात आवळून कण्हत होती, आणि समोर मी एका चिमुकल्या दिव्यासाठी थांबलो होतो. मी त्याला पट्ट्याची गोष्ट सांगू लागलो. ती त्याने ऐकली नाही. ऐकण्याची ती वेळही नव्हती. वर चढेपर्यंत इंजिन तापून बसले असते तर आम्ही घाटाच्या मध्यावर, आणखी आडवळणाला अडकलो असतो. माथा गाठला असता तर पुढच्या उतारावर ब्रेक नव्हते. तरीही तेवढ्या चार-पाच किलोमीटरांत काहीच झाले नसते, असेही शक्य आहे. त्या रात्री गाडी पुढे रेटली असती तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

दहा मिनिटांनी दुधाचा एक टेम्पो वर आला. चालकाने बाईला आणि नणंदेला पुढे बसवून घेतले. पुढे तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून नवरा मागे राहिला. डिकीत जुना पण धड असलेला एक पट्टा मी ठेवलेला होता. अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, तो इंजिनाकडे ढकलून पट्टा चढवला, मग खोऱ्याच्या दांड्याने तरफेसारखा ताण देऊन बोल्ट आवळला. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण सेंटीमीटरभर दबावा, एवढाच ताण. गरम लोखंडाने मनगट भाजले. त्या पंचवीस मिनिटांत तो माणूस मोबाईलचा उजेड अगदी स्थिर धरून उभा होता, पण माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. किल्ली फिरवली. दिवा लागला आणि गेला. बारामतीला पोहोचेपर्यंतही तो बोलला नाही.

बाळ पहाटे झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. सकाळी चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘त्यो पट्टा केवढ्याला मिळतोय?’’ मी सांगितले. त्याच्या मुकादमाच्या जीपमध्ये एक ठेवायला सांगतो, म्हणाला. बाकी काही नाही.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टीन यांचा चिन्हांविषयीचा विचार आम्ही अभ्यासला होता. काही चिन्हे निसर्गतःच अर्थ सांगतात, जसा धूर अग्नीचा. काही चिन्हे माणूस मुद्दाम ठरवून देतो. जुन्या डिझेल गाडीत ही दोन्ही एकत्र नांदतात. फलकावरचा दिवा ठरवून दिलेला. त्याच्याशी लबाडी करता येते, ती आरंभी सांगितलीच. धुराशी सहसा करता येत नाही. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. उसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ आणि पाचट उडते तेव्हा हवेची जाळी झटकली की बहुधा तो कमी होतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर नोझल तरी किंवा आत शिरलेले पाणी तरी. मिस्त्रींचा पुतण्या मोबाईलला जोडायचे एक यंत्र वापरतो. भारत स्टेज चारच्या गाड्यांत २०१० नंतर टप्प्याटप्प्याने ही सोय आली. तो आकडा वाचून सांगतो, ‘‘रेलचा दाब कमी आहे.’’ दाब कमी असण्याचे कारण काहीशे रुपयांचा तुंबलेला फिल्टर असेल किंवा कित्येक हजारांचा पंप असेल. यंत्राला ते ठाऊक नसते. काका फिल्टर उघडून पाहतात, पुतण्या पंपाची किंमत विचारायला फोन लावतो. दोघांत रोज वाद होतो. माझे मत काकांच्या बाजूचे आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच. पण पुतण्याच्या यंत्रामुळे एकदा एका शिक्षकाची गाडी विनाकारण खोलायची वाचली, हेही नमूद करतो.

धुराचा विषय निघाला म्हणून एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपल्याकडे पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले. आमच्यातील तरुणांचे म्हणणे असे की ही गाडी भंगारात द्यावी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्यांच्या दारावरून मी रोज जातो त्यांच्या फुप्फुसांचा विचार मलाही करावाच लागतो. माझ्याजवळ त्यावर एवढेच उत्तर आहे की नव्या गाडीचे पैसे आज नाहीत, आणि जोवर नाहीत तोवर हिचा धूर नियमाच्या आत राखणे माझ्या हातचे आहे. वेळेवर बदललेली हवेची जाळी, साफ केलेले नोझल आणि दमाने चालवणे यांनी धुरात किती फरक पडतो, हे मी धूर तपासणीच्या कागदांवर दरवेळी पाहतो. ते सारे कागद जपून ठेवले आहेत. तरुणांना ते दाखवतो. त्यांचे समाधान होत नाही.

२०२३ मध्ये नोंदणी वाढवून घेतली, ती २०२८ पर्यंत. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने सर्वांत आधी किल्ली अर्धी फिरवून दिवे पाहिले, तेव्हा मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. सध्या काम टायमिंग बेल्टचे आहे. हा बेल्ट तुटण्याआधी कोणताही दिवा लागत नाही; किलोमीटर मोजूनच तो बदलावा लागतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुराडा होतो. हे काम माझ्या हद्दीबाहेरचे आहे. मिस्त्रींनी बेल्ट आणि टेन्शनर बारामतीहून आणवून ठेवले आहेत. रविवारची मिस्सा आटोपली की गाडी त्यांच्या दारात लावायची, असे ठरले आहे. पुतण्यालाही त्यांनी पाने धरायला बोलावले आहे.